पाठ : विमानतळावरची सुरक्षितता आणि ‘सर, माझं चुकलं’ म्हणण्याची सवय



आजचा पाठ इयत्ता सातवी ते नववीच्या मुलांसाठी आहे. भूगोलात वाहतूक शिकवताना, विज्ञानात घर्षण शिकवताना किंवा आपत्ती व्यवस्थापनाच्या तासाला तो घेता येईल. विषय विमानतळाचा आहे, पण पाठ शिकवून झाला की तो आपल्या शाळेविषयीच होता असं तुमच्या लक्षात येईल. म्हणून मुलांना सांगण्याआधी आपण स्वतः तो नीट समजून घेऊ या.

१. विमान जमिनीवर असतानाचे धोके

विमानाचा अपघात म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे आकाशातून कोसळणारं विमान येतं. विमानतळावर काम करणाऱ्या माणसाला मात्र जमिनीवरच्या विमानाचीही तेवढीच काळजी असते. आधी फळ्यावर एक साधा नकाशा काढा. मधोमध लांब पट्टी, ती धावपट्टी. तिथून इमारतीकडे येणारे अरुंद रस्ते म्हणजे टॅक्सीवे. इमारतीसमोर विमानं उभी राहतात ते मोकळं आवार म्हणजे एप्रन. आणि हे सगळं जिथून दिसतं तो उंच कंट्रोल टॉवर.

आता मुलांना विचारा, या नकाशात धोका कुठे कुठे आहे? उत्तरं येतील तशी लिहून घ्या आणि पुढचे मुद्दे भरा.

- एप्रन : एका विमानाभोवती एकाच वेळी इंधनाची गाडी, सामानाच्या गाड्या, जेवणाची गाडी, शिडी आणि विमान मागे ढकलणारा ट्रॅक्टर असतो. इंजिन चालू असेल तर समोरचा माणूस आत ओढला जाऊ शकतो आणि मागचा उडून पडू शकतो. विमानाच्या अंगावरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे असं समजून सगळे लांब राहतात.
- धावपट्टीवरचा कचरा : २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून निघालेल्या काँकॉर्ड विमानाचं टायर धावपट्टीवर पडलेल्या एका धातूच्या पट्टीमुळे फुटलं. पट्टी जेमतेम दीड फुटाची, आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची निखळलेली. टायरचा तुकडा पंखावर आदळला, इंधनाची टाकी फुटली, आग लागली आणि ११३ माणसं गेली.
- पक्षी : म्हणून गवताची उंची सांभाळतात, फटाक्यांचे आवाज काढून पक्षी उडवतात. विमानतळाच्या आसपास उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला कायद्याने मनाई आहे, तीही याचसाठी.
- रबर आणि पाणी : उतरताना टायर धावपट्टीला घासतात आणि रबराचा काळा थर साचतो. त्यावर पाऊस पडला की पट्टी निसरडी होते. म्हणून पट्टीची पकड वरचेवर मोजतात आणि रबर खरवडून काढतात. घर्षणाचा धडा शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.
- नको तिथे कुणीतरी असणं : एक विमान धावपट्टीवर वेगात आहे आणि त्याच पट्टीवर दुसरं विमान किंवा गाडी आली. विमानतळावरचा हा फार मोठा धोका. पुढची दोन्ही उदाहरणं याचीच आहेत.

२. लिनाते : एकाची चूक की सगळ्यांची?

इटलीतल्या मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ च्या सकाळी दाट धुकं होतं. टॉवरवरून धावपट्टी दिसत नव्हती. एका छोट्या सेसना विमानाला आर-५ या टॅक्सीवेने जायला सांगितलं होतं. वैमानिकाने ‘आर-५’ असं उत्तरही दिलं, पण विमान वळलं आर-६ वर. तो रस्ता थेट मुख्य धावपट्टीला छेदत होता. त्याच क्षणी तिथून ११० माणसं घेऊन कोपनहेगनला जाणारं विमान उड्डाणासाठी धावत होतं. टक्कर झाली आणि मोठं विमान घसरत जाऊन सामानाच्या इमारतीवर आदळलं. दोन्ही विमानांतले सगळे ११४ आणि इमारतीत काम करणारे चार, असे ११८ जण मेले.

इथे थांबा आणि वर्गाला विचारा, चूक कुणाची? बहुतेक मुलं एका आवाजात म्हणतील, सेसनाच्या वैमानिकाची. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. आता तपासात पुढे आलेल्या बाकीच्या गोष्टी एकेक करून सांगा.

- जमिनीवरची विमानं दाखवणारं जुनं रडार काढून टाकलेलं होतं. नवं आलेलं होतं, पण बसवून चालू झालेलं नव्हतं.
- टॅक्सीवेवरच्या खुणा आणि पाट्या नीट नव्हत्या.
- ‘एस-४ जवळ आलो’ असं वैमानिकाने टॉवरला कळवलं. ही खूण जमिनीवर रंगवलेली होती, पण कंट्रोलरच्या नकाशावर नव्हतीच. हे विमान नेमकं कुठे आहे, हे विचारायची ती वेळ होती. ती हुकली.
- चुकून कुणी धावपट्टीकडे आलं तर इशारा देणारी यंत्रणा होती, पण ती कित्येक वर्षं बंद ठेवलेली होती.
- इतक्या कमी दृश्यमानतेत काम करण्याची पात्रता सेसनाच्या वैमानिकांकडे नव्हती, आणि हे तपासून त्यांना कुणी अडवलं नाही.

२००४ साली इटलीच्या तपास संस्थेने अंतिम अहवाल दिला. सेसना चुकून धावपट्टीवर आली हे तात्कालिक कारण, असं त्यात म्हटलंच आहे. पण ती चूक ज्या परिस्थितीत घडली तिच्यावरही बोट ठेवलं आहे. विमानतळावर सुरक्षेची चालती-बोलती व्यवस्थाच नव्हती, हा त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष.

आता विचार करा. पाटी पुसट आहे हे रोज किती जणांनी पाहिलं असेल! चालक, वैमानिक, देखभालीची माणसं. प्रत्येकाला वाटलं असणार की हे सांगणं आपलं काम नाही, किंवा सांगून काय उपयोग. धुकं नसलेल्या दिवशी पुसट पाटीने कुणाचं काही बिघडत नाही. अडचण असते ती नेमकी इथेच.

३. आंबोळीचं उदाहरण

अपघात का होतात हे समजावण्यासाठी जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने भोकं असलेल्या चीजच्या कापांची कल्पना मांडली. आपल्या मुलांना ते चीज माहीत नसतं. आपण जाळीदार आंबोळी घेऊ.

चार-पाच आंबोळ्या एकावर एक ठेवा. प्रत्येकीला जाळी आहे, पण वरून पाहिलं तर खालची थाळी दिसत नाही, कारण एकीचं भोक दुसरीने झाकलेलं असतं. नियम, प्रशिक्षण, यंत्र, पाट्या, माणसाची सावधगिरी या सुरक्षेच्या आंबोळ्या. एकही बिनभोकाची नाही. माणूस चुकणारच, यंत्र बिघडणारच. पण कधीतरी सगळी भोकं एका रेषेत येतात आणि थाळी दिसते. तो अपघाताचा दिवस.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, शेवटच्या आंबोळीला दोष देऊन बाकीच्या तशाच ठेवल्या तर अपघात पुन्हा होतो. दोन, भोक दिसलं की त्याच दिवशी सांगितलं पाहिजे. रेषा जुळायची वाट बघायची नाही.

४. हानेडा : एकच दिवस, दोन धडे

२ जानेवारी २०२४. टोकियोच्या हानेडा विमानतळावर संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला सप्पोरोहून आलेलं जपान एअरलाइन्सचं विमान उतरलं. आत ३७९ माणसं. धावपट्टीवर तटरक्षक दलाचं एक छोटं विमान उभं होतं. आदल्या दिवशी नोटो भागात मोठा भूकंप झाला होता आणि हे विमान तिथे मदतीचं सामान नेणार होतं. टक्कर झाली, दोन्ही विमानं पेटली. छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. मोठ्या विमानातले मात्र सगळेच्या सगळे ३७९ वाचले.

पहिला धडा शब्दांचा. टॉवरने छोट्या विमानाला सांगितलं होतं की तुमचा नंबर पहिला, धावपट्टीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत या. ‘नंबर पहिला’ म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला, एवढाच अर्थ. विमानातल्यांनी मात्र धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली असं धरलं. ते सुमारे चाळीस सेकंद धावपट्टीवर उभे होते. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा दिसत होता, पण कुणाच्या लक्षात आला नाही. अपघातानंतर असे रांगेचे क्रमांक सांगणं काही काळ थांबवण्यात आलं. आपण वर्गात ‘कळलं का?’ विचारतो आणि मुलं ‘हो’ म्हणतात. काय कळलं, हे विचारायचं आपण विसरतो. तसलाच हा प्रकार.

दुसरा धडा सरावाचा. मोठ्या विमानात धूर भरत होता. आतली घोषणा यंत्रणा बंद पडली होती. कर्मचारी कर्ण्यातून आणि नुसत्या आवाजाने सूचना देत होते. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी होती, आणि कुठल्या दाराबाहेर आग आहे हे पाहून कर्मचाऱ्यांनी जागच्या जागी निर्णय घेतले. प्रवाशांनी सामान वरच ठेवलं. शेवटचा माणूस, म्हणजे कॅप्टन, टकरीनंतर अठरा मिनिटांनी बाहेर पडला.

याला चमत्कार म्हणू नका. १२ ऑगस्ट १९८५ रोजी याच कंपनीचं विमान डोंगरावर कोसळून ५२० माणसं मेली होती. त्या विमानाचे मोडके अवशेष कंपनीने हानेडाजवळ एका केंद्रात जपून ठेवले आहेत आणि कर्मचाऱ्यांना ते दाखवून शिकवलं जातं. आपली सगळ्यात मोठी चूक आपल्याच माणसांसमोर उघडी मांडून ठेवायची! सुरक्षा संस्कृती म्हणतात ती ही. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ असं रंगवून ती येत नाही.

५. सुरक्षा संस्कृती म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर, कुणी बघत नसताना माणसं जशी वागतात आणि चूक झाल्यावर वरिष्ठ जसे वागतात, त्याला सुरक्षा संस्कृती म्हणायचं. तिच्या तीन खुणा सांगता येतील.

पहिली, धाकट्याला बोलता येतं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ जण मेले. उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. समोरचं विमान पट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलंही. कॅप्टन कंपनीतले फार ज्येष्ठ, वैमानिकांना शिकवणारे. झालंय, असं त्यांनी ठामपणे सांगितलं आणि विषय संपला. त्यानंतरच्या काळात, धाकट्याने शंका कशी बोलावी आणि थोरल्याने ती कशी ऐकावी याचं प्रशिक्षण वैमानिकांना दिलं जाऊ लागलं. बोलायचं आणि ऐकायचं, दोन्ही शिकवावं लागतं हे लक्षात घ्या.

दुसरी, सांगणाऱ्याला शिक्षा होत नाही. अमेरिकेत १९७६ पासून एक पद्धत आहे. वैमानिक, कंट्रोलर, मेकॅनिक कुणीही आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात कळवू शकतो. ही पत्रं नियामकाकडे न जाता नासाकडे जातात. नासा नाव काढून टाकते आणि त्यातला धडा सगळ्यांना कळवते. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सहसा दंड होत नाही. गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात असेल तर मात्र हे संरक्षण नाही.

तिसरी, सगळ्या चुका एका मापाने मोजत नाहीत. हा मुद्दा आपल्या कामाचा. विमान क्षेत्रात ढोबळमानाने तीन प्रकार करतात.

१. अनवधानाने झालेली चूक. इथे माणसाला आधार द्यायचा आणि व्यवस्था सुधारायची.
२. ‘काही होत नाही’ म्हणून घेतलेली सूट. इथे समज द्यायची, आणि सूट घ्यावीशी का वाटली तेही शोधायचं.
३. धोका माहीत असून केलेला बेफिकीरपणा. इथे कारवाई झालीच पाहिजे.

म्हणजे सगळ्यांना माफी, असा याचा अर्थ नाही. तिसऱ्याला सोडलं तर प्रामाणिक माणसावर अन्याय होतो, आणि पहिल्याला झोडपलं तर उद्यापासून कुणी काही सांगणार नाही. विमानतळांनी आणि विमान कंपन्यांनी धोके आधी शोधून आवरायचे, हे आता आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ मध्ये खास सुरक्षा व्यवस्थापनासाठी वेगळं परिशिष्ट लागू केलं. आपल्याकडे यावर डीजीसीए देखरेख करतं.

६. आपल्या मुंबईत

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या वेळी तिच्यावर तासाला चाळीसहून अधिक विमानं चढउतार करतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक दिवस काही तासांसाठी दोन्ही पट्ट्या बंद ठेवून डागडुजी होते. तेव्हा ‘प्रवाशांची गैरसोय’ अशी बातमी येते. ती गैरसोय कशासाठी, हे आपली मुलं आता सांगू शकतील.

८ जून २०२४ रोजी याच विमानतळावर एक विमान धावपट्टीवरून उड्डाण करत असतानाच मागे दुसरं विमान त्याच पट्टीवर उतरलं. कुणाला इजा झाली नाही. डीजीसीएने तरीही चौकशी सुरू केली. आपण म्हणतो, ‘चला, वाचलो!’ आणि विसरून जातो. सुरक्षेच्या कामात वाचल्याच्या दिवशीच वही उघडायची असते.

७. वर्गात काय करता येईल?

- उलट सांगण्याचा खेळ : एक मुलगा टॉवर, दुसरा वैमानिक. टॉवरने तीन भागांची सूचना द्यायची, उदाहरणार्थ ‘डावीकडे वळा, दुसऱ्या बाकापाशी थांबा, माझ्या परवानगीशिवाय दाराकडे जाऊ नका.’ वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणायची. नुसतं ‘हो’ म्हटलं तर बाद. एक शब्द गळला तर टॉवरने पकडायचा. टॉवरने पकडला नाही तर तोही बाद!
- मैदानाची फेरी : एप्रनवर कर्मचारी रांगेने चालत जमिनीवर पडलेलं काहीही उचलतात. खेळाच्या तासाआधी मुलांनी तशीच रांग करून मैदान पालथं घालावं. खिळे, काचा, तारा यांच्याजवळ मोठ्या माणसाने यावं. काय सापडलं आणि कुठे, ते वहीत लिहावं.
- शाळेचा धोक्याचा नकाशा : विमानतळाच्या नकाशावर जिथे गोंधळ होऊ शकतो त्या जागा ठळक दाखवलेल्या असतात. मुलांनी शाळेचा तसा नकाशा काढावा. सुटीची घंटा होताना जिना, फाटकासमोर व्हॅन मागे घेतली जाते ती जागा, पाण्याच्या टाकीजवळची ओली फरशी. मुलांना या जागा आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.
- ‘थोडक्यात वाचलो’ पेटी : नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. दर शनिवारी वाचायची. कुणी टाकली हे शोधायचं नाही, कुणाचं नाव चिठ्ठीत असेल तर ते मोठ्याने वाचायचं नाही. आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : चिठ्ठीवर काय केलं, ते पुढच्या शनिवारी सांगायचं. दोन आठवडे काहीच झालं नाही तर पेटी रिकामी राहायला लागेल, आणि मग मुलांना नावं ठेवू नका.

८. पालकांसाठी थोडं

प्रयोगशाळेत हातून परीक्षानळी फुटली तर मूल काय करतं? काचा पायाने कपाटाखाली सारतं, की बाईंना येऊन सांगतं? ते मुलाच्या स्वभावापेक्षा मागच्या वेळी सांगणाऱ्याचं काय झालं, त्यावर ठरतं. घरीही तसंच. गॅसचं बटण चुकून चालू राहिलं, हे सांगायला आलेल्या मुलाला आधी दोन धपाटे मिळाले, तर पुढच्या वेळी ते सांगायला येणार नाही. गॅस मात्र चालूच राहील.

म्हणून क्रम एवढाच ठेवा. आधी ‘सांगितलंस ते बरं केलंस’. मग कुणाला लागलं का ते पाहणं. मग काय झालं ते ऐकणं. आणि शेवटी, चूक तीन प्रकारांपैकी कुठली हे ठरवून बोलणं. बेफिकीरपणा असेल तर रागवा, जरूर रागवा. पण सांगितल्याबद्दल रागवू नका.

विमानतळाजवळ राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. उतरणाऱ्या विमानाकडे लेझरचा झोत मारणं हा खेळ नव्हे, त्याने वैमानिकाचे डोळे दिपतात. आणि गच्चीवर किंवा नाक्यावर टाकलेल्या खरकट्याला घारी आणि कावळे जमतात. पक्षी जमले की धोका विमानाला असतो.

९. स्वाध्याय

१. लिनातेच्या अपघातातल्या किमान चार ‘आंबोळ्या’ ओळखा. यांपैकी कुठली सगळ्यात कमी खर्चात दुरुस्त झाली असती?
२. ‘नंबर पहिला’ या शब्दांऐवजी टॉवरने कोणती सूचना दिली असती तर गैरसमज झाला नसता? एका वाक्यात लिहा.
३. हानेडाच्या विमानातल्या प्रवाशांनी वरचं सामान काढलं असतं तर काय झालं असतं? कारणांसह सांगा.
४. धावपट्टीवरचं रबर आणि पावसाचं पाणी यांचा घर्षणाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
५. तुमच्या शाळेतली एक ‘पुसट पाटी’ शोधा, म्हणजे सगळ्यांना दिसते पण कुणी सांगत नाही अशी गोष्ट. ती कुणाला सांगाल?

पाचव्या प्रश्नाची उत्तरं तपासून वह्या नुसत्या परत देऊ नका. त्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या, आणि कुणाच्या वहीतून ती कळली ते, त्या मुलाची हरकत नसेल तर, परिपाठात सांगा. पुढच्या वेळी वह्या जास्त भरलेल्या येतील.

पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी कोणते धोके शोधले ते जरूर कळवा.